काखेतल्या गाठी काढल्यावर येणारी हाताची सूज आणि लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: माहिती, अनुभव हवेत

निरगुडी

नमस्कार मंडळी. हा धागा मुद्दाम काढतेय कारण गेले काही महिने घरात हाच विषय चाललाय आणि मराठीत सलग नीट माहिती कुठे मिळत नाहीये, मिळतात त्या पार्लरच्या जाहिराती नाहीतर रील्स, ज्यात गालावर गुळगुळीत दगड फिरवून टॉक्सिन्स बाहेर काढणं चाललेलं असतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. सगळं निभावलं त्यांनी, बाई खंबीर आहेत. पण हे सगळं आटोपून वर्ष उलटल्यावर डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या रुतायला लागल्या, ब्लाऊजची डावी बाही घट्ट आणि उजवी व्यवस्थित. पुढे पुढे हात जड वाटायला लागला, संध्याकाळी जास्त, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तपासण्या झाल्या, कॅन्सर परत आलेला नाही (हे ऐकेपर्यंत आमच्या घशाखाली घास उतरत नव्हता), ही सूज लिम्फिडिमाची, म्हणजे लसिकेचं पाणी साचून आलेली आहे म्हणाले.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे घरी सोडताना गोळ्या समजावल्या, टाके कधी काढायचे ते सांगितलं, पण हाताला अशी सूज येऊ शकते हे चकार शब्दानं सांगितलं नाही. याचा मला खरंच राग आहे. इतकं मोठं ऑपरेशन करता तर ही दोन वाक्यं बोलायला काय जातं?

आता पुण्यात एका फिजिओथेरपिस्टकडे लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज सुरू केलाय. मी सोबत जाते आणि बघत बसते. गंमत म्हणजे त्या मॅडम सूज असलेल्या हाताला बराच वेळ हातच लावत नाहीत. आधी पोटातून खोल श्वास घ्यायला लावतात, मग हसळीच्या हाडावरच्या खळग्यात दोन्हीकडे बोटं सपाट ठेवून कातडी नुसती हलकेच ताणायची आणि सोडायची, मग चांगल्या बाजूची काख, मग सुजलेल्या हाताच्या बाजूची जांघ, छातीवरून आडवं, आणि मग कुठे खांदा, दंड, कोपर असं वरून खाली येतात. तेल नाही, जोर नाही. जाऊबाई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, अगं ही नुसती कुरवाळतेय, यानं काय होणार.

इकडे शेजारच्या काकू म्हणतात मालिशवाली बोलवा, गरम तेलानं चांगलं चोळून काढू दे. तर जाणकारांनी सांगा, एवढ्या हलक्या हातानं खरंच फरक पडतो का, हे किती दिवस करायचं, आणि घरी आम्ही काय करू शकतो?

फिजिओपुणे

निरगुडीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बरेचसे पेशंट याच त्रासाचे असतात. पहिलं सांगते, मालिशवाली अजिबात नको. त्या हातावर जोरानं चोळणं, गरम तेल, गरम पाण्याची पिशवी, शेक, सगळं बंद. उष्णतेनं आणि रगडण्यानं त्या जागी रक्तप्रवाह वाढतो, मग पाझर वाढतो, आणि जो हात आहे तेच पाणी वाहून नेऊ शकत नाहीये त्याच्यावर अजून भार पडतो.

हे पाणी मुळात येतं कुठून ते बघा. केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर पाझरत असतात. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं, दिवसाला साधारण तीनेक लिटर. त्यांना हृदयासारखा एकच मोठा पंप नसतो, वाहिन्यांच्या भिंती स्वतःच लयीत आकुंचन पावतात, आत झडपा असतात म्हणून द्रव मागे येत नाही, आणि स्नायूंची हालचाल आणि श्वास यांचा रेटा मिळतो. शेवटी सगळं हसळीच्या हाडामागे मोठ्या शिरांमध्ये जाऊन पडतं. दोन्ही पाय, पोट, डावा हात यांचं डावीकडे, आणि उजवा हात, डोक्याची आणि छातीची उजवी बाजू यांचं उजवीकडे. म्हणून आपण सुरुवात तिथून करतो. घाटात दरड पडली की खाली अडकलेल्या गाड्यांना पुढे ढकलून उपयोग नसतो, आधी वरचा रस्ता मोकळा करावा लागतो, नाहीतर पर्यायी रस्त्यानं वळवावं लागतं. चांगल्या बाजूची काख आणि सुजलेल्या हाताच्या बाजूची जांघ हे तुमच्या जाऊबाईंचे पर्यायी रस्ते.

हलका हात का, तर लसिकेच्या सगळ्यात बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि त्यांच्या भिंती आजूबाजूच्या पेशीजालाला बारीक तंतूंनी बांधलेल्या असतात. कातडी हळूच ताणली की ते तंतू ओढले जातात, वाहिनीचं तोंड उघडतं, सोडली की द्रव पुढे सरकतो. जोरानं दाबलं तर ती वाहिनीच चपटी होते. म्हणून जे कुरवाळल्यासारखं दिसतंय ते बरोबर चाललंय, तुमच्या मॅडमचा हात शिकलेला आहे.

आता नावडती गोष्ट. एकटा मसाज पुरत नाही. उपचाराचे चार भाग आहेत: मसाज, थरांचं बँडेज, व्यायाम आणि कातडीची निगा. यात सूज उतरवायचं आणि उतरलेली टिकवायचं मोठं काम बँडेज करतं. मसाजनं सरकवलेलं पाणी तासाभरात परत खाली येऊ शकतं, बँडेज त्याला येऊ देत नाही. सुरुवातीला आठवड्यातले पाच दिवस, दोन ते चार आठवडे, रोज मसाज आणि त्यावर बँडेज असा जोरदार टप्पा असतो. हात जेवढा उतरायचा तेवढा उतरला की मग मापाची दाबाची बाही म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह आणि घरचा मसाज. तुमच्याकडे बँडेज बांधतायत का? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतेय.

निरगुडी

बांधतायत, आधी कापसासारखा थर, मग बोटं वेगवेगळी गुंडाळतात, मग तीन पट्ट्या. जाऊबाईंना तेच नकोसं होतं, एप्रिलचा उकाडा आणि हाताला ते जोखड, भाकरी थापता येत नाही म्हणून चिडतात. मी म्हटलं भाकरी मी थापते, तुम्ही फक्त बसा.

मेडिकलवाल्यानं साधी क्रेप बँडेज दिली होती, ती का चालत नाही?

फिजिओपुणे

क्रेप बँडेज फार ताणलं जातं. आपल्याला हवं ते शॉर्ट-स्ट्रेच, कमी ताणाचं. ते हात स्वस्थ असताना फारसं आवळत नाही, पण हालचाल केली, मूठ उघडली-मिटली की स्नायू फुगतो आणि बँडेज हटत नाही, मग आतला द्रव पिळला जाऊन वर सरकतो. क्रेप मात्र स्नायूबरोबर ताणलं जातं, आणि झोपेत स्वस्थ असताना उलट आवळून धरतं, बोटं निळी पडू शकतात. म्हणून बँडेज बांधून नुसतं बसायला सांगू नका त्यांना! बँडेज असताना हात चालला पाहिजे. बोटं उघडमीट, कोपर वाकवणं, खांदे फिरवणं. हलकी कामं करू द्या, पोळ्या लाटू द्या. भाकरी थापणं बँडेजमध्ये जमणार नाही, ते मान्य.

अबोली_म्हापसा

निरगुडी, मी यातून गेलेय म्हणून लिहिते. माझा उजवा हात. उजवा म्हणजे सगळंच आलं, नारळ खवण्यापासून सही करण्यापर्यंत.

काही गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगते. त्या हाताला चाकूचा काप, सुईचं टोक, विळीचा ओरखडा, मासे साफ करताना काटा टोचणं, तव्याचा चटका, मांजराची नखं, हे सगळं टाळायचं आणि झालंच तर लगेच साबण-पाण्यानं धुऊन मलम लावायचं. मी मासळी साफ करताना जाड रबरी हातमोजे घालते. बागेत काम करतानाही. नखाच्या बाजूची कातडी कापायची नाही. काखेतले केस ब्लेडनं काढायचे नाहीत, इलेक्ट्रिक ट्रिमर घ्यायचा. पर्स त्या खांद्यावर नको आणि ब्रेसियरचा पट्टा रुंद हवा, बारीक पट्टा खांद्यात रुततो आणि तिथेच वाट अडते. कातडी कोरडी पडू द्यायची नाही, रोज रात्री साधं मॉइश्चरायझर, कोरड्या कातडीला भेगा पडतात आणि भेगेतून जंतू आत शिरतात.

आणि मोजत राहायचं. शिंप्याची टेप घ्या, मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर, दोन्ही हात, महिन्यातून एकदा, सकाळच्याच वेळी, वहीत लिहा. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला की वाट बघायची नाही. खरं तर ऑपरेशनच्या आधीच मापं घेऊन ठेवली पाहिजेत म्हणजे नंतर तुलना होते, हे ज्यांच्या घरात आता ऑपरेशन ठरलंय त्यांनी नक्की करा.

सातपुडा

धागा गंभीर आहे पण माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्याकडे पार्लरमध्ये लिम्फॅटिक ड्रेनेजचं पॅकेज मिळतं, वजन कमी, इंच कमी, डिटॉक्स, सेल्युलाईट जातं वगैरे. मी घेतलंय आणि खरं सांगते मला पाय हलके वाटले, झोप मस्त लागली, टेपनं मापल्यावर पोट कमी दिसलं. मग हे खोटं का म्हणायचं? त्यांचा हातही हलकाच असतो.

फिजिओपुणे

सातपुडा, पाय हलके वाटले आणि झोप लागली हे खरंच असणार. दिवसभर उभं राहून घोट्याशी पाणी साचतं ते सरकतं, आणि संथ लयीतल्या हलक्या स्पर्शानं शरीर शांत होतं, श्वास खोल होतो. तेवढ्यासाठी कोणी पैसे मोजत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

पण चरबी या मार्गानं बाहेर जात नाही. टेपवर जे कमी दिसतं ते पाणी असतं, आणि निरोगी माणसात ते दिवस-दोन दिवसांत होतं तिथे येतं. डिटॉक्सचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास फुकट करतायत. चेहऱ्यावरचा दगडही तसाच, सकाळी डोळ्यांखाली आलेली फुगी उठून चालायला लागलं की तशीही उतरते.

मला खटकतं ते वेगळंच. ज्यांना खरंच लिम्फिडिमा आहे अशा बायका हे पॅकेज घेतात, बँडेज नाही, तपासणी नाही, आणि मधली वर्षं निघून जातात. सूज जुनी झाली की आत तंतू आणि चरबी वाढते, कातडी जाड होते, दाबलं तरी खड्डा पडेनासा होतो. मग मसाजनं उतरण्यासारखं पाणीच कमी उरतं. घरच्या घरी बघायची एक खूण सांगते, पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी कातडी चिमटीत उचलून बघायची. उचलली जात नसेल तर लिम्फिडिमाची दाट शंका घ्यायची. उचलली गेली म्हणजे नक्की नाही असं मात्र समजायचं नाही.

अजून एक. दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखेच जाड, पावलं मात्र बारीक, दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं आणि डाएट करून वरचं अंग उतरतं पण पाय तसेच, असं असेल तर तो लिपिडिमा, म्हणजे पायांत चरबी साचण्याचा आजार असू शकतो. अशा बायकांना आयुष्यभर तू खातेसच जास्त असं ऐकवलं जातं, त्यांनी एकदा नीट दाखवून घ्या.

हिरवा_डगला

सर्जरीत आहे. घाईत लिहितोय, पण हे वाचल्याशिवाय कोणी मसाजला जाऊ नका.

एकाच पायाला अचानक सूज, पोटरी दुखते, गरम लागते: आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). शिरेत गुठळी असेल तर मसाज जिवावर बेतू शकतो. दोन्ही पायांना सूज: हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड बघा, बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. हार्ट फेल्युअर आटोक्यात नसताना पायातलं पाणी मसाज करून वर ढकललं तर ते हृदयावरच येतं. सूजलेला भाग लाल, गरम, ताप, थंडी: हे इन्फेक्शन, मसाज आणि बँडेज दोन्ही बंद, त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक. उद्या बघू नको. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नव्यानं सूज आली तर आधी तो परत आला नाही ना हे तपासायचं, निरगुडीताईंनी केलं तसं.

आणि लघवीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. त्यांनी पाणी जातं पण प्रथिनं तिथेच राहतात, ती परत पाणी ओढतात. लिम्फिडिमाला त्याचा उपयोग होत नाही.

जोखमीबद्दल: काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला सूज येते. सेंटिनेल म्हणजे पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासल्या तर शंभरात पाच-सहा जणींना. काखेवर रेडिएशन आणि जास्त वजन यांनी धोका वाढतो. म्हणून जिथे चालण्यासारखं आहे तिथे आता कमीत कमी गाठी काढतात. सूज झालीच तर लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडायची सूक्ष्म शस्त्रक्रिया असते, मायक्रोस्कोपखाली, दुसरीकडून गाठी आणून बसवण्याचीही आहे. पण त्या लवकरच्या टप्प्यात जास्त उपयोगी, आणि नंतरही बरेचदा दाबाची बाही लागतेच.

पडताळा

मसाजचा पुरावा कोणी लिहिलेला नाही म्हणून मी भर घालतो. २०१५ साली कोक्रेनचा (उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला होता, स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या हाताच्या सुजेवर या मसाजचे जे अभ्यास झाले ते एकत्र पाहून. त्यातल्या आकड्यांचा सारांश असा की नुसत्या बँडेजनं सूज तीस ते अडतीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली, आणि बँडेजला मसाजची जोड दिली तर आणखी सातेक टक्के. फायदा दिसला तो सूज कमी ते मध्यम असताना. मसाज सुरक्षित आहे असंही त्यात आहे. अभ्यास थोडे आणि छोटे होते. म्हणजे फिजिओपुणे म्हणतात तेच, बँडेज मुख्य आणि मसाज जोडीला. पैसे आणि वेळ मोजकाच असेल तर आधी बँडेज, बाही आणि व्यायाम यांवर खर्च करा, हे माझं स्पष्ट मत.

र्‍हाईनकाठी

मी जर्मनीत राहते, इथे हा प्रकार अगदी रोजच्यातला आहे. डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर लिहून देतात, तीस, पंचेचाळीस किंवा साठ मिनिटं असं चक्क मिनिटांसकट, सोबत बँडेज हवं तर तेही वेगळं लिहितात, आणि सरकारी विमा बहुतेक खर्च उचलतो, आपल्याला थोडीच रक्कम भरावी लागते. माझ्या सासूबाई (जर्मनच आहेत) दर आठवड्याला जातात. त्यांना कोणी डिटॉक्स वगैरे सांगितलेलं नाही, हा उपचार आहे आणि तसाच चालतो. दाबाचे मोजेही साधारण सहा महिन्यांनी नवीन घ्यावे लागतात कारण वापरून आणि धुऊन त्यांचा दाब कमी होतो.

इथे मला एका थेरपिस्टनं याचा इतिहास सांगितला तो आवडला म्हणून लिहिते. एमिल व्होडर आणि त्यांची बायको एस्ट्रिड, दोघं डॅनिश, १९३० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये कान इथे काम करायचे. त्यांच्याकडे सतत सर्दी असणारे, मानेतल्या गाठी सुजलेले पेशंट यायचे. तेव्हा लसिका गाठींना हात लावायचा नाही असा दंडक होता, यांनी हलक्या गोल गोल हालचालींनी त्यावर काम करून बघितलं आणि १९३६ साली पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली. पण ते डॉक्टर नव्हते त्यामुळे बरीच वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे जर्मनीत आस्डोंक नावाच्या डॉक्टरनं ते उचललं, आणि मिखाएल आणि एथेल फोल्डी या मूळच्या हंगेरियन डॉक्टर जोडप्यानं मसाज, बँडेज, व्यायाम, त्वचेची निगा हे एकत्र बांधलं, ब्लॅक फॉरेस्टमध्ये हिंटरत्सार्टनला त्यांच्या नावाचं क्लिनिक आहे, फक्त लिम्फच्या आजारांचं. निरगुडी, तुमच्या जाऊबाईंवर पुण्यात जे चाललंय ते थेट तिथून आलेलं आहे.

वैनगंगा

सगळे हाताबद्दल बोलताहेत, मी पायाबद्दल लिहितो कारण आमच्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा भागात लिम्फिडिमा म्हटलं की हत्तीपाय. माझ्या मामंजींचा डावा पाय गुडघ्यापर्यंत तसा आहे.

शहरातल्या लोकांना वाटतं हा रोग संपला. संपला नाही बाप्पा. घाणीच्या साचल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, त्यातून जंतू आत जातात आणि मोठे कृमी लसिकावाहिन्यांमध्येच घर करून बसतात, वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात. त्यांची पिल्लं रक्तात रात्रीच वर येतात म्हणून आमच्याकडे हत्तीरोगवाले रात्रीच रक्त घ्यायला येतात, लोक झोपेतून उठवलं म्हणून ओरडतात पण दिवसा घेतलं तर काही दिसतच नाही. दरवर्षीच्या गोळ्या असतात, डीईसी आणि अल्बेंडाझोल, आणि आता बऱ्याच ठिकाणी आयव्हरमेक्टिन धरून तीन. नागपूर जिल्हा तर या तीन गोळ्यांसाठी देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत होता, २०१९ च्या सुरुवातीला. २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवायचा असं सरकारनं ठरवलं आहे. माझी विनंती आहे, आरोग्यसेविका दारात आली की गोळ्या तिच्यासमोरच गिळा, आम्हाला काही झालं नाही म्हणून वळचणीला ठेवू नका. सूज यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून कृमी अंगात असतात.

पण आलेली सूज त्या गोळ्यांनी उतरत नाही. तिथे निगा. मामंजी धानाच्या बांधीत चिखलात काम करणारे, पायाच्या बोटांच्या बेचक्यात सदा चिखल्या. तिथूनच जंतू शिरायचे आणि मग हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण, पाय लाल, आठ दिवस खाटेवर. प्रत्येक तापानंतर पाय आधीपेक्षा जाड होत गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात टब, मग्गा, साबण, टॉवेल, मलम असं किट दिलं आणि सिस्टरनं धुवायचं कसं ते करून दाखवलं. साधं गार पाणी, साबणाचा फेस हातावर काढून वरून खाली, प्रत्येक घडीत, प्रत्येक बोटाच्या मध्ये बोट घालून. ब्रश नाही, घासणी नाही. मग स्वच्छ फडक्यानं टिपून टिपून कोरडं करायचं, बेचक्यात ओल अजिबात राहता कामा नये, मग बुरशीचं मलम. रात्री पलंगाच्या पायथ्याखाली विटा, बसलं की पाय पाटावर, आणि टाच वर-खाली, घोटा गोल. आता ते स्वतः करतात, रोज, पूजेच्या आधी. तापाचे झटके फार कमी झाले आहेत आणि पायाचा वासही गेला, त्या वासापायी ते लग्नाकार्याला जायचे बंद झाले होते.

माझा प्रश्न असा की त्यांना हा मसाज चालेल का? इथे करणारं कोणी नाही.

फिजिओपुणे

वैनगंगा, तुम्ही लोकांनी जे केलंय तेच या आजारात सगळ्यात महत्त्वाचं आहे, मसाज त्याच्या नंतर येतो. चालेल, पण ताप आणि लाली नसताना, आणि बँडेजसोबत. घरी करायचा तर पोटातून खोल श्वास, मग हसळीवरचे खळगे, मग पोटावर हलका तळवा ठेवून श्वासाबरोबर, मग जांघ, मग मांडी, आणि मग गुडघ्याखाली, प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा, कातडी हृदयाच्या दिशेला ढकलून सोडायची. पावलापासून सुरुवात करायची नाही. त्यांचा हात पोचणार नाही तिथे तुमच्या घरातलं कोणीतरी शिकून घ्या, एकदा नागपूरला एखाद्या शिकलेल्या फिजिओकडून हात बघून या.

सुंठसाखर

मी वैद्य आहे. अभ्यंग म्हणजे हाच मसाज असं सांगून तेल विकणारे बरेच दिसतात म्हणून लिहितो. अभ्यंग वेगळा. तेल जिरवायचं, अंग मऊ करायचं, वात कमी करायचा, झोप सुधारायची यासाठी तो उत्तम, निरोगी माणसानं जरूर करावा. पण गाठी काढलेल्या बाजूच्या सुजलेल्या हाताला तेल रगडून शेक द्यायला मी सांगणार नाही आणि कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

श्लीपदाचं म्हणजे हत्तीपायाचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, म्हणजे हा आजार आपल्या भूमीला नवा नाही. आयुर्वेदाचा इथे नीट उपयोग कसा होऊ शकतो ते पाहायचं तर केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी आहे, तिथे त्वचारोगतज्ज्ञ आणि वैद्य एकत्र बसून हत्तीपायाचे पेशंट बघतात. साबणानं धुणं, औषधी काढ्यात पाय भिजवणं, योगासनं आणि श्वसन, हलका लसिका मसाज आणि त्यावर बँडेज असा क्रम. मला त्यात भावतं ते हे की त्यांनी बँडेज सोडलं नाही आणि पेशंटच्या घरच्यांना शिकवून पाठवतात. वैनगंगा, मामंजींसाठी चौकशी करून बघा.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जाऊबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं, अबोलींचा प्रतिसाद दोनदा. हात उतरतोय, कोपराखालचा फरक कमी झालाय, बांगड्या अजून चढत नाहीत पण अंगठी चढली.

अजून दोन-तीन शंका. त्यांना कोणीतरी सांगितलंय की त्या हातानं वजन म्हणून उचलायचं नाही, बादलीसुद्धा नाही. आणि त्या हातावर बीपी कधीच मोजायचं नाही, इंजेक्शन नाही. आणि ती मापाची बाही आत्ताच शिवायला टाकू का? दुकानदार मागे लागलाय.

फिजिओपुणे

वजनाचं जुनं आहे ते. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, सूज असलेल्याच बायकांना आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळून येणं कमी झालं आणि ताकद वाढली. पण हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. अर्ध्या किलोपासून सुरुवात, बाही घालून, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. भरलेली बादली एकदम नको, पण हात जपून जपून निकामीही करायचा नाही. हात वापरला नाही तर स्नायूंचा रेटाच मिळत नाही.

बीपी आणि सुईबद्दल अलीकडच्या अभ्यासांत पूर्वी वाटायचा तितका धोका दिसलेला नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करा, पण तातडीच्या वेळी याच हाताला लावलं म्हणून घाबरून जाऊ नका.

बाही आत्ता नको. हात अजून उतरतोय ना, मग आज माप दिलंत तर बाही सुजलेल्या हाताच्या मापाची होईल आणि तेवढी सूज तशीच राहील. दोन-तीन मापं सलग सारखी आली की मग घ्या, आणि माप सकाळी बँडेज सोडल्या सोडल्या द्यायचं. घेताना तयार गोल विणीची घेण्यापेक्षा सपाट विणीची, मापानं केलेली मिळाली तर बघा, ती घडीत रुतत नाही. हाताच्या पंज्यालाही सूज असेल तर हातमोजाही लागेल, नुसती बाही घातली तर पाणी पंज्यात उतरतं. दाब किती हवा ते तुमच्या मॅडमना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, दुकानदारावर सोडू नका. आणि दोन घ्या, एक धुवायला आणि एक घालायला.

निरगुडी

पंज्याला आहे सूज, बोटांच्या मागच्या बाजूला. हातमोजा पण सांगते मग. दुकानदाराला थांब म्हणून फोन केलाय.